मधला रकाना

१. समुपदेशनात डोकं शांत ठेवायच्या युक्त्या मिळतील असं वाटलं होतं, मिळाला गृहपाठ. राग आला की वहीत तीन रकाने भरायचे: काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, मग मी काय केलं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा पाया. महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी.

२. मधला रकाना सगळ्यांत अवघड. लेकाच्या हातून दूध सांडलं, मी ओरडलो, हे पटकन लिहून होतं. मधलं वाक्य खणून काढावं लागलं: ‘मी दमून घरी आल्यावर तरी सगळं नीट असायलाच हवं.’ समुपदेशक मॅडम म्हणाल्या, ‘ही इच्छा आहे की हुकूम?’ इच्छा मोडली तर माणूस खट्टू होतो, हुकूम मोडला की भडकतो. तेव्हापासून मी वहीत हुकूम शोधतो. बहुतेक वेळा सापडतो. अन्यायाची चीड यात सोडावी लागत नाही, हेही सांगायला हवं. ठाम तक्रार करता येते, ती ओरडून करावी लागत नाही, इतकंच.

३. ‘उशीवर बुक्क्या मार, मोकळा होशील’ हा सल्ला मला अनेकांनी दिला. तो चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

४. कान तापले, जबडा आवळला की विचार तपासायची वेळ गेलेली असते. तिथून बाजूला व्हावं, पण सांगून. पूर्वी मी न बोलता निघून जायचो, आणि बायकोला ते दार आपटल्याइतकंच लागायचं. आता ‘दहा मिनिटांत येतो, मग बोलू’ म्हणतो, आणि येतो. येणं महत्त्वाचं.

५. घरच्यांचा विश्वास आपल्यापेक्षा उशिरा सावरतो. मी बदललो तरी भांडं पडलं की लेक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. त्याला घाई करायची नाही.

६. हात उगारला जात असेल तर वाट पाहू नका. समुपदेशक माहीत नसेल, पैशांची अडचण असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.