पंजा लढविणे आणि दंडाचे हाड
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी आरोग्यशास्त्राचा एक पाठ)

पंजा लढविणे हा आपल्या खेड्यापाड्यांतील आवडता खेळ आहे. त्यास मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही. एखादे बाक आणि समोर बसणारा गडी मिळाला की खेळ सुरू. मधल्या सुटीत वर्गात, जत्रेत, पारावर तो सर्वत्र चालतो. या खेळात कोणी कोणास मारीत नाही, कोणी पडत नाही. म्हणून तो सर्वस्वी निर्धोक असा समज रूढ आहे. हा समज खरा नाही. पंजा लढविताना धडधाकट तरुणाच्या दंडाचे हाड मोडल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत, आणि वाढत्या वयाच्या मुलांत याच खेळाने कोपराला विशेष प्रकारची इजा होते. अशा प्रसंगी मुलाजवळ प्रथम असतो तो शिक्षक. पहिल्या तासात काय केले व काय टाळले, यावर त्या हाताचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.

१. हाड मोडते कसे?

खांद्यापासून कोपरापर्यंत एकच लांब हाड असते. त्यास दंडाचे हाड किंवा भुजास्थी म्हणतात. त्याच्या वरच्या भागाला छातीचे व पाठीचे बळकट स्नायू जोडलेले असतात. पंजा लढविताना कोपर बाकावर टेकलेले व काटकोनात वाकलेले असते, आणि मनगट-पंजा उभा असतो. आपण जोर लावतो तेव्हा हे मोठे स्नायू दंडाच्या हाडाचे वरचे टोक आतल्या बाजूस फिरवू पाहतात. प्रतिस्पर्धी मात्र आपला पंजा बाहेरच्या बाजूस लोटीत असतो. कोपराखालचा हात येथे रहाटाच्या दांड्याप्रमाणे काम करतो. पंजावर दिलेला रेटा कोपरापाशी पिळा होऊन उतरतो व हाडाचे खालचे टोक बाहेर फिरवू पाहतो. दोघी बायका ओले लुगडे दोन टोकांस धरून विरुद्ध दिशांनी पिळतात, तशीच त्या हाडाची अवस्था होते.

हाड उभा भार चांगला सोसते. पिळा त्याला तितकासा सोसत नाही. म्हणून ते कोपराच्या थोडे वर, खालच्या तृतीयांशात, मळसूत्राप्रमाणे तिरकस मोडते. त्या वेळी ‘कडाड्’ असा आवाज आजूबाजूच्यांनाही ऐकू येतो. हाड मुळात अशक्त असले पाहिजे असे नाही. निरोगी व पिळदार तरुणांतच हा प्रकार अधिक आढळतो.

दोन प्रसंग विशेष धोक्याचे असतात. पहिला, दोघे तुल्यबळ असून पंजे बराच वेळ स्थिर राहिले आहेत आणि एकाने एकाएकी झटका दिला. दुसरा, हरू लागलेल्याने पंजा मागे राहिला असतानाच खांदा व धड पुढे वळवून अंगाचा सगळा भार टाकला. असा खेळणारा बहुधा तोंडही दुसरीकडे फिरवितो. पंजा एकीकडे व खांदा दुसरीकडे झाला की पिळा परमावधीस पोहोचतो.

२. खडूचा प्रयोग

हे तत्त्व वर्गात दाखविण्यास फक्त दोन नवे, अखंड खडू पुरतात. पहिला खडू दोन्ही हातांनी धरून वाकवून मोडावा. तो जवळजवळ सरळ आडवा मोडेल. दुसरा खडू दोन्ही टोकांस धरावा व न वाकविता, एक टोक पुढे व दुसरे मागे असा सावकाश पिळावा. तो तिरकस, मळसूत्री रेषेत मोडेल व त्याची टोके अणकुचीदार होतील. दोन्ही मोडी मुलांच्या हाती द्याव्यात आणि विचारावे, ‘खडू एकाच जातीचे, मग मोड निराळी का?’ उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. मोडीच्या आकारावरून बळाची दिशा कळते, हे एकदा मुलांना उमगले की क्ष-किरण चित्र पाहून वैद्य अपघाताचे स्वरूप कसे ओळखतात, हेही त्यांना सहज समजेल.

अणकुचीदार टोकांकडे मुलांचे मुद्दाम लक्ष वेधावे. मनगट व बोटे वर उचलणारा मज्जातंतू दंडाच्या हाडाला वळसा घालून, मोडीच्या याच जागेजवळून जातो. त्याला धक्का बसला तर मनगट लोंबू लागते. बहुतेक रुग्णांत ही शक्ती काही महिन्यांत आपोआप परत येते. परंतु मोडलेला हात ओढण्या-चोळण्याने टोके हलली तर इजा वाढू शकते.

३. वाढत्या वयातील मुले

आपल्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा. कोपराच्या आतल्या बाजूस हाताला लागणारा जो उंचवटा आहे, त्यावर मनगट व बोटे आत वळविणारे स्नायू जोडलेले असतात. मुलांत हा उंचवटा मुख्य हाडाशी कूर्चेने सांधलेला असतो. तो पक्का जुळण्यास साधारणतः वयाचे १५ वे वर्ष उलटावे लागते. तेरा-चौदाव्या वर्षी स्नायू झपाट्याने बळकट होतात, सांधा मात्र अजून कच्चा असतो. म्हणून या वयात पंजा लढविताना दंडाचे हाड मधून मोडण्याऐवजी हा उंचवटाच स्नायूंच्या ओढीने उखडतो. कोपर आतून सुजते, दुखते, सरळ होत नाही; कधी करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. बाहेरून हात वाकडा दिसत नसल्यामुळे ‘लचक भरली’ असे समजून दुर्लक्ष होण्याचा संभव फार. सातवी-आठवीच्या मुलाने पंजा लढविल्यावर कोपर दुखते असे म्हटले, तर क्ष-किरण तपासणी झालीच पाहिजे.

४. तात्काळ करावयाचे उपाय

(१) मुलास बसवावे, धीर द्यावा, भोवतालची गर्दी हटवावी.
(२) हात ओढू, चोळू किंवा सरळ करू नये. तेल लावू नये, शेकू नये.
(३) कडे, घड्याळ, मनगटाचा दोरा सूज चढण्यापूर्वी काढावा.
(४) हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत आधार द्यावा. सहज शक्य असल्यास उपरण्याची झोळी करून ती गळ्यात बांधावी व दुसऱ्या रुंद कापडाने दंड छातीशी बांधावा. गाठ मोडीवर येऊ देऊ नये.
(५) बोटे हलतात काय, स्पर्श कळतो काय, मनगटाची नाडी लागते काय हे बांधण्यापूर्वी व नंतर पाहावे. बोटे गार किंवा फिकट पडल्यास बांधणी सैल करावी व क्षणाचाही विलंब लावू नये.
(६) हळददूध, चहा किंवा खाणे देऊ नये. भूल द्यावी लागल्यास पोट रिकामे असणे बरे.
(७) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पालकांस तत्काळ कळवावे.

पालक पुष्कळदा मुलास हाड बसविणाऱ्याकडे नेऊ इच्छितात. त्यांचा उपमर्द न करता समजूत घालावी. मोडीवर आवळून बांधलेल्या कामट्यांखाली सूज वाढते, रक्ताचा प्रवाह अडतो व प्रसंगी हात कायमचा निकामी होतो. योग्य उपचाराने मात्र अशी बहुतेक हाडे चांगली जुळतात. काहींना केवळ पट्टा किंवा प्लॅस्टर पुरते, काहींना शस्त्रक्रियेने पट्टी अथवा स्क्रू बसवावा लागतो. प्रौढांच्या दंडाचे हाड जुळण्यास सामान्यतः दोन ते तीन महिने लागतात.

५. शाळेतील नियम

हा खेळ नुसत्या धाकाने बंद होणार नाही. मुले तो शाळेबाहेर खेळतील. म्हणून कारण समजावून नियम सांगावेत. प्राथमिक शाळेत पंजाच्या स्पर्धा ठेवू नयेत. शिक्षकाने किंवा मोठ्या माणसाने मुलाशी पंजा लढवू नये; कौतुकाच्या भरात मोठ्याचा झटका मुलाच्या कोपरास भारी पडतो. मोठेपणी जे खेळतील त्यांनी छाती व नजर आपल्या पंजासमोर ठेवावी, झटका देऊ नये, आणि हात मागे जाऊ लागताच हार मानावी. हरण्यात कमीपणा नाही, हा संस्कार येथे शरीररक्षणाच्याही उपयोगी पडतो.

६. पाठाअंती विचारावयाचे प्रश्न

(१) वाकवून मोडलेला व पिळून मोडलेला खडू यांत फरक कोणता? तो का पडतो?
(२) पंजा लढविताना दंडाच्या हाडाची दोन टोके कोणकोणत्या दिशांनी फिरू पाहतात?
(३) तेरा वर्षांच्या मुलास व पंचवीस वर्षांच्या तरुणास होणारी इजा वेगळी का?
(४) मोडलेला हात का चोळू नये?
(५) कृती : दोन-दोन मुलांनी उपरण्याची झोळी बांधून दाखवावी व बांधल्यावर एकमेकांची नाडी तपासावी.

पाचवी कृती प्रत्येक मुलाकडून एकदा तरी करवून घ्यावी. अपघात शाळेतच होईल असे नाही. तो शेतावर किंवा जत्रेत होईल तेव्हा तेथे शिक्षक नसतील, पण झोळी बांधणे शिकलेला एखादा विद्यार्थी असू शकेल.