पेशीतले लिखाण आणि त्याची राखण

पाटीवर 'पीठ' लिहा. आता पहिले अक्षर पुसून तिथे 'मी' लिहा. झाले 'मीठ'! एका अक्षराने भाकरीचा घोटाळा. असेच लिखाण प्रत्येक जिवाच्या अंगात असते.

आपले अंग, भाताचे रोप, गोठ्यातली गाय, सारे बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात एक लांब धागा गुंडाळलेला असतो. त्याला डीएनए म्हणतात. दाणा जाड की बारीक, डोळे काळे की घारे, हे त्यावर चारच अक्षरांत लिहिलेले असते. भाताच्या लिखाणात सुमारे ४० कोटी अक्षरे आहेत, माणसाच्या ३०० कोटी.

ऊन, धूर, पेशीचे स्वतःचे कामकाज, यांनी ही अक्षरे बिघडतात. माणसाच्या एकेका पेशीत रोज हजारो ठिकाणी इजा होते. मग आपण जगतो कसे?

धागा दुपदरी आहे, म्हणून. अक्षरांच्या जोड्या बैलजोडीसारख्या ठरलेल्या. या पदरावर अमुक, तर समोर तमुकच. एक अक्षर बिघडले, की पेशीतले कारागीर तेवढा तुकडा कापून काढतात, समोरचा पदर पाहून बरोबर अक्षर बसवतात आणि टाका घालतात. गोधडीला ठिगळ लावावे तसे. या दुरुस्तीचा उलगडा केल्याबद्दल २०१५ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या नेरळचा भात घ्या. कर्जतच्या संशोधन केंद्राचे 'कर्जत ३' पेरा की घरचे बी पेरा, गोष्ट एकच. कणगीतले कोरडे बी जिवंत असते, पण दुरुस्ती जवळजवळ बंद असते. इजा साठत जाते. दमट, उबदार जागी तर लवकर. बी भिजवले, की मोड येण्याआधी आत दुरुस्तीची धांदल उडते. इजा थोडी असली तर मोड झटकन येतो. फार असली तर उशीर लागतो, नाहीतर बी मरते. म्हणून राब विरळ उगवला, तर पावसाला शिव्या देण्याआधी कणगी कुठे ठेवली होती ते आठवावे. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड मोजावेत, हे बरे.

कारागीर थकले तर? पेशीत एक जागल्याही असतो. दुरुस्ती होईना, की तो त्या पेशीला मरायला लावतो. एक पेशी गेली, अंग वाचले. पण जागल्याचे कामही त्याच धाग्यावर लिहिलेले! ती अक्षरे बिघडली, की नासकी पेशी मोकाट वाढते. तोच कर्करोग.

आपल्याकडे बायका मिश्री लावतात, पुरुष तंबाखू मळतात. तंबाखूतली विषे या अक्षरांना चिकटतात, रोज, तोंडात त्याच जागी. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तोंडाच्या कर्करोगाचे रोगी तिथे आजही येतात. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुखत नसले तरी सरकारी दवाखान्यात दाखवावे. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही.