शिल्लक उंचीत ठेवा

पोरींनो, दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी घरी कपडे शिवायला बसलात की घरातली प्रत्येक म्हातारी एकच सांगते, "वाढत्या अंगाचं शीव गं." सांगणं बरोबर आहे, पण अर्धं. वाढतं अंग कुठे वाढतं, ते कुणी सांगत नाही. मग तुम्ही चारही बाजूंनी दोन-दोन इंच सैल सोडता. खांदा दंडावर उतरतो, गळा ओघळतो, बाही वरणभातात बुडते आणि हौसेनं शिवलेला कपडा कपाटाच्या तळाशी जातो.

मूल पहिल्या वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंत साधारण 10 ते 12 सेंटिमीटर उंच होतं, त्यापुढच्या वर्षात आणखी आठेक सेंटिमीटर. छाती मात्र वर्षाला जेमतेम इंचभर भरते आणि खांदा त्याहूनही कमी. तेव्हा गळा आणि खांदा अगदी मापात बेता. छातीला तीन-चार इंच ढिलाई ठेवा, ती वाढीसाठी नव्हे, मुलाला हात वर करून खिडकीला लोंबकळता यावं म्हणून. बाकी जी काय माया सोडायची, ती सगळी लांबीत.

ती कशी सोडायची? फ्रॉक असेल तर खाली तीन इंचांची दुमड घाला. शिवाय घेरावर अर्ध्या इंचाचे दोन टक घ्या. टक दिसायला छान दिसतात आणि एक उसवला की इंचभर लांबी हाती येते. दुमडीची आणि टकांची टीप मात्र मोठ्या टाक्याची मारा, उसवताना कापड फाटणार नाही. उसवल्यावर जुन्या घडीची गडद रेघ राहतेच, कितीही धुवा. तिच्यावर नागमोडी लेस किंवा जुन्या साडीची बारीक किनार लावून टाका. लोकांना वाटतं मुद्दाम लावली. पँटच्या मोहरीलाही तसंच, दोन इंच आत दुमडून ठेवा. बिनबाह्यांच्या झबल्याला आणि छोट्या फुग्याच्या बाहीला वाढीची काळजीच नाही. म्हणून या वयाला लांब बाहीचं फारसं शिवू नका, थंडीचे दोन सोडून.

आता माप. या वयाचं मूल टेप दिसली की ती ओढायला तरी धावतं नाहीतर पळून तरी जातं. त्याला उभं करून माप घेण्याच्या भानगडीत पडू नका. अंगाला बरोबर बसणारा एखादा कपडा घ्या, इस्त्री करा, मधोमध उभा दुमडा आणि खाकी कागदावर ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवा. रेघेबाहेर अर्धा इंच माया सोडून कागद कापला की तुमचा साचा तयार. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नका, त्याची शाई मलमलीला लागते आणि निघता निघत नाही. पोटाचं माप तेवढं वेगळं घ्या, जेवण झाल्यावर, मूल मांडीवर बसलेलं असताना. उपाशी पोटाच्या मापाचं इलॅस्टिक संध्याकाळी कमरेवर लाल वळ उठवतं.

कापडाबद्दल माझं मत पक्कं आहे: सुती, आणि तेही आधी धुतलेलं. मलमल, वॉयल, कॅम्ब्रिक, पॉपलिन, यांतलं काहीही चालेल. इचलकरंजीच्या मागांवरचं साधं पॉपलिन रोजच्या चड्ड्यांना उत्तम. वॉयल उन्हाळ्याला, कॅम्ब्रिक बाराही महिने. कापडगंज, मंगळदास मार्केट अशा मोठ्या कापडबाजारात जाऊन तागा उलगडायला लावायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या कटपीसवाल्याकडे दोन वर्षांच्या मुलाला पुरेल एवढं कापड नेहमीच पडलेलं असतं. झबल्याला 44 इंची पन्ह्याचं अर्धा मीटर, घेराच्या फ्रॉकला मीटरभर.

घरी आणलं की बादलीत बुडवून रात्रभर ठेवा. नव्या कापडाला खळ असते. ती गेल्यावर कळतं कापड खरंच जाड होतं की नुसतं ताठ. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, उभ्या धाग्यात जास्त. मीटरला तीन-चार सेंटिमीटर सहज जातात आणि खादी असेल तर त्याहून जास्त. न धुता शिवलंत तर जी लांबी आपण जपून ठेवली, तीच पहिल्या पाण्यात गेली म्हणायची. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा घासून बघा. फडकं रंगलं तर रंग सुटायचा थांबेपर्यंत वेगळं धुवत राहा. मिठाच्या पाण्यात घातलं की रंग पक्का होतो, असं सगळे सांगतात. मला काही त्याचा गुण आलेला दिसत नाही. सुटायचा तो रंग सुटतोच.

नव्यापेक्षा जुनं बरं, हेही खरंच. आजोबांचं धोतर, पन्नासदा धुतलेली कॉटनची साडी, बाबांचा ऑफिसचा शर्ट. आटायचं ते आटलेलं असतं, रंग सुटायचा तो सुटलेला असतो. फक्त कापायच्या आधी कापड उजेडासमोर धरा. जिथे जाळी दिसेल तो भाग सोडा. साडी निऱ्यांच्या खालच्या बाजूला आणि पदराच्या खांद्याशी विरते, शर्ट कॉलरला आणि काखेत.

शर्टाचंच सांगते, कारण त्यात फुकटात बरंच मिळतं. शर्टाची बटणपट्टी पाठीकडे आली पाहिजे अशा बेतानं साचा ठेवा. काज-बटणं आयतीच मिळतात, ती करण्यात जीव जातो ना आपला! शर्टाची खालची शिवलेली कड सरळ असेल तर तीच फ्रॉकची दुमड करा. आणि बाह्या टाकू नका, त्यांची पँट होते. दोन्ही बाह्या मुंढ्याच्या शिवणीखाली सरळ कापा, कफाची फट संपते तिथे दुसरा काप द्या. दोन नळ्या हाती येतात. दोन्ही नळ्यांची काखेतली शिवण वरून आठ इंच उसवा. ते झालं आसन. आता उघडलेल्या कडा एकमेकींना जोडा, पुढची पुढच्या बाजूला, मागची मागच्या बाजूला. जोडण्याआधी आसनाला किंचित गोलाई द्या, पुढे कमी आणि मागे जास्त. वर नेफा दुमडून इलॅस्टिक ओवा, खाली मोहरी दुमडा. दोन वर्षांच्या मुलाची पँट एका दुपारी होते.

आसनात चूक होते ती एकच, उथळ कापलं जातं. हे वय सारखं उकिडवं बसण्याचं आहे, मुंगी बघायला, चमचा उचलायला, उगीचच. आत लंगोट किंवा डायपरचा गठ्ठाही असतो. आसन उथळ असेल तर मूल बसलं की पँट मागून खाली येते आणि आई दिवसभर ती वर ओढत बसते. मागचा भाग पुढच्यापेक्षा दीड इंच उंच ठेवा. शिवाय दोन पायांच्या मध्ये तीन इंचांचा चौकोनी तुकडा कर्णात बसवला तर बाजारातली कुठलीही पँट तिच्यापुढे फिकी. इलॅस्टिक पाऊण इंच रुंदीचं घ्या, पोटाच्या मापापेक्षा दीड-दोन इंच कमी. बारीक इलॅस्टिक रुततं. नेफ्याला आतून बोटभर जागा न शिवता सोडा. इलॅस्टिक ढिलं पडलं की तिथूनच बदलता येतं.

गळ्याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण नवशिक्या बहुतेक तिथेच अडकतात. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 18 इंच असतो, दोन वर्षांच्या मुलाचा 19. आणि गंमत म्हणजे वर्षाच्या सुमाराला डोकं आणि छाती जवळपास सारखीच असतात. मान मात्र केवढीशी. फ्रॉकचा गळा 12 इंच बेतलात तर डोकं जाणार कुठून? पाठीला चार इंचांची चीर दिली की दोन्ही कडांचे मिळून आठ इंच वाढतात, वीस होतात, डोकं सुखानं जातं. चीर नको असेल तर एका खांद्यावर उघडं ठेवून दोन टिचबटणं लावा. गळ्याला पट्टी उरेबच लावा, तिरप्या धाग्यावर सव्वा इंच रुंद कापलेली. सरळ धाग्याची पट्टी गोलाईवर चुण्या पाडते आणि गळ्याला टोचते.

बंदांबद्दल मात्र जुन्या रीतीला मी आता हात जोडते. झबल्याला मागे बंद, कुंचीला हनुवटीखाली बंद, हे पाळण्यातल्या बाळाला ठीक, तेही कुणी जवळ असताना. पण आपलं मूल आता चढतं, वाकतं, घसरगुंडीवरून उतरतं. गळ्याशी लोंबणारी दोरी कशाततरी अडकली तर फास बसतो. युरोपातल्या कपड्यांच्या मानकात 7 वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला आणि गळ्याला दोरी चालतच नाही. ते उगीच नाही ठरवलेलं. टोपड्याला वेल्क्रोचा छोटा तुकडा लावा, किंवा सरळ बिनबंदाची गोल टोपी शिवा.

मोती, टिकल्या, घुंगरू, शोभेची बटणं, हेही तीन वर्षांपर्यंत नकोच. या वयात सगळं आधी तोंडात जातं. जी बटणं लागतीलच ती सपाट, मोठी, चार भोकांची घ्या, दुहेरी दोऱ्यानं लावा, शेवटी बुंध्याशी दोरा तीन-चार वेढे गुंडाळून गाठ मारा, आणि मग जोर लावून ओढून बघा. तुमच्या हाताला निघालं तर त्याच्या दातांना निघणारच.

शिवण आतून मऊ हवी. इंटरलॉकचा टाका बाजारात झटपट म्हणून घालतात, पण काखेत तो काचतो. पातळ कापडाला दुहेरी शिवण घाला. आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून, सुलट बाजूनं पाव इंचावर टीप मारा, माया बारीक कातरा, मग कापड पलटून कड आत झाकली जाईल अशी दुसरी टीप. धागा सुटत नाही, टोचत नाही, आणि दहा धुण्यांनंतरही आतून कपडा नवा राहतो. ज्या मुलांना घामोळं येतं, त्यांना रात्री सरळ उलटा कपडा घाला. बघायला कोण येतंय?

मशीनचं फार सांगत नाही. मलमलीला 11 नंबरची सुई, पॉपलिनला 14. बोथट सुई पातळ कापडाचा धागा ओढते, म्हणून ती बदलायचा आळस करू नका. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी धावदोरा आणि मधूनमधून उलटी टीप घालत हातानं शिवावं. झबल्याला किती शिवण असते अशी? दोन खांदे, दोन बगला.

आता सणाचं. बोरन्हाणाला काळं झबलं किंवा काळं परकर-पोलकं लागतंच. गुळेदगुड्डचा खण छान दिसतो, काठही आयता मिळतो. पण त्याचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा दुकानात साचा बरोबर न्या. आतून खण खरखरीत लागतो, म्हणून अंगाला लागेल तिथे जुन्या मलमलीचं अस्तर द्या. हलव्याच्या दागिन्यांना काटा असतो, तो मानेला टोचतो. गळा जरा वर बंद ठेवा आणि पट्टी मऊ कापडाची लावा. काळा रंग सुटतो का ते दोन दिवस आधी बघा, नाहीतर फोटोत मुलाची काख काळी येते. माळा फोटो झाल्या झाल्या उतरवा. घाम आणि लाळ लागली की साखर चिकटते, आणि गळ्यातली दोरी ही दोरीच.

दिवाळीला मात्र नेटचा, नायलॉनचा, चमचमणारा झगा नको म्हणजे नको. सुती कापडही पेटतं, पण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पणत्या, फुलबाज्या पेटवलेल्या असताना अंगावर घट्टसं, बिनघेराचं सुती असावं. झगमग हवी असेल तर जरीचा काठ छातीशी लावा, खाली घेराला नको.

एक खिसा द्याच, मुलगी असो की मुलगा. दोन वर्षांच्या पोराला खिशासारखं सुख नाही. धुवायला टाकण्याआधी त्यातले खडे, शेंगदाणे, चिंचोके काढायची जबाबदारी तुमची.

आणि ज्यांनी अजून कात्रीच धरली नाही, त्यांनी फ्रॉकपासून सुरुवात करू नका. फ्रॉकला गळा आहे, मुंढा आहे, घेर आहे, तीन ठिकाणी हात कापेल. बाबांचा कॉलर फाटलेला शर्ट काढा आणि बाह्यांची पँट शिवा. वाकडी झाली तर घरात घालता येते.