उजव्या खुर्चीतलं बोलणं

कनेरगाव नाका,
जि. हिंगोली

चि. ताईस,


एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग झालं आणि आता प्रवासी बसलेल्या विमानात तू सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बसणार, ही बातमी तुझ्या आईने फोनवर दिली. इकडे सगळ्या घरांत पेढे पोचले. माझी नोकरी सिम्युलेटर सांभाळण्यात गेली. विमान मी चालवलेलं नाही, पण वैमानिकांच्या पाठीमागे बसून त्यांचं उतरणं वर्षानुवर्षं पाहिलं आणि त्याहून जास्त ऐकलं. त्या ऐकण्यातून जे कळलं तेवढंच लिहितो.

आपल्या घरात तुला एक वळण लावलं गेलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. त्यांचं चुकलेलं दिसलं तरी चारचौघांत दाखवायचं नाही. बैठकीत, लग्नकार्यात ते शोभतं, तिथे ते जरूर पाळ. कॉकपिटचं दार लागलं की मात्र ते बाहेर राहिलं पाहिजे. असं का म्हणतो, ते दोन अपघातांवरून सांगतो.

पहिला १४ फेब्रुवारी १९९० चा. मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान, तुझंच ए-३२०. देशात हे विमान येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डाव्या खुर्चीत कॅप्टन फर्नांडिस, त्यांची कमांडसाठी तपासणी चाललेली. उजवीकडे तपासणी घेणारे कॅप्टन गोपुजकर. भर दुपार, हवा स्वच्छ, धावपट्टी डोळ्यांसमोर, इंजिनं धडधाकट. तरीही विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ जणांपैकी ९२ गेले.

झालं असं की जमिनीजवळ आल्यावर विमान ‘ओपन डिसेंट’मध्ये होतं. तुला हे पाठ आहे, तरी पुन्हा वाच. या मोडमध्ये ऑटोथ्रस्ट इंजिनं आयडलवर ठेवतो आणि वेग सांभाळायचं काम नाकावर येतं. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वर आलं की घटतो. तीस हजार फुटांवरून खाली यायला ही छान सोय आहे. शेवटच्या हजार फुटांत मात्र वैमानिक धावपट्टीकडची वाट राखायला नाक वर ओढत जातो, इंजिनं जोर देत नाहीत आणि वेग मुकाट्याने गळत राहतो. बंगळूरला १३२ नॉट हवे असताना वेग त्याच्या वीसहून अधिक नॉट खाली गेला. हा मोड नेमका कशाने लागला, हे चौकशीत पक्कं ठरलं नाही. एक शक्यता मांडली गेली ती अशी, की उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट लावायचा होता आणि हात पडला शेजारच्या उंचीच्या बटणावर. दोन्ही बटणं अगदी लागून आहेत, तू रोज हाताळतेस. यंत्राने सांगितलेलं तंतोतंत ऐकलं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. आपण आयडलवर उतरतो आहोत, हे त्या दोघांना कळलं होतं. दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर बंद झाले असते तर ऑटोथ्रस्टने वेग धरला असता. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला. त्यावर दोघांचं बोलणंही झालं. तिकडे यंत्राचा आवाज चारशे, तीनशे, दोनशे फूट मोजत होता आणि थ्रॉटल पुढे गेले नाहीत. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने बोट ठेवलं ते यावरच. आयडलवरून इंजिन पूर्ण जोरात यायला सात-आठ सेकंद लागतात. हे सेकंद थ्रॉटल ढकलल्यापासून मोजायचे, चूक कळल्यापासून नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट. स्क्रीनच्या वरच्या ओळीत मोड बदलला की तो मोठ्याने वाच. तू उडवत असलीस तरी, नसलीस तरी. आपल्या नाक्याच्या स्टेशनातून पूर्णा-अकोला मार्गाची गाडी जाते. तिच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, हिरवा असला तरी सांगतात. दोघांनाही दिसतो, मग ओरडायचं कशाला, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही. एकाने बघितलं आणि दुसऱ्याने गृहीत धरलं, की दोन माणसं बसवण्याचा अर्थच जातो. बटण फिरवायच्या आधी काय करणार ते सांगायचं आणि फिरवल्यावर खरोखर काय लागलं ते वाचायचं. वाचायची ती वरची ओळ; बटणावर दिसतो तो फक्त आपला हेतू.

दुसरा अपघात ७ ऑगस्ट २०२० चा, कोळिकोडचा. विमानाचे कॅप्टन होते दीपक साठे, घर नागपूरचं, पूर्वी वायुसेनेत विंग कमांडर. त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच हे लिहितो. बाहेर पाऊस, पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान पुन्हा वर गेलं. दुसऱ्यांदा उलट बाजूची धावपट्टी घेतली, तिथे वारा पाठीमागून होता. खाली येण्याचा दर वाढला तेव्हा सहवैमानिकाने टोकलं. विमान धावपट्टीवर तरंगत पुढे जात राहिलं, तेव्हा पुन्हा टोकलं, पण आवाज क्षीण होता. शेवटी ‘गो अराउंड’ म्हटलं, पण विमान वर गेलं नाही. ८,८५८ फुटांच्या पट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकलं आणि टोकावरून खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. गो अराउंडची हाक दुर्लक्षित राहिली, असं अहवालाने म्हटलं; त्याबरोबरच सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःकडे घेतलं नाही, हेही स्पष्ट लिहिलं.

ताई, तो मुलगा गप्प बसला नव्हता. त्याने योग्य तेच शब्द उच्चारले. पण ते विनंतीच्या आवाजात आले, आणि त्यांच्या पाठोपाठ हात आला नाही. म्हणून तुझं बोलणं आधीपासून बांधून ठेव. पहिल्यांदा फक्त आकडा किंवा स्थिती: ‘स्पीड’, ‘सिंक रेट’. ‘सर, मला वाटतं की जरा...’ असली सुरुवात नको, तेवढ्यात बरीच उंची जाते. सुधारणा दिसली नाही तर काय करायचं ते सांग. दोनदा सांगून उत्तर नाही, तर समोरचा माणूस भानावर नाही असं धरून ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं आणि खरोखर घ्यायचं. नियमात हे आहेच. घरी आरशासमोर म्हणून बघ, संकोच तोंडातून निघायला वेळ लागतो.

सोपी वेळ उंचावरच असते. उतरायला सुरुवात करण्याआधी कॅप्टनला सरळ विचार: हजार फुटांवर विमान स्थिर नसेल तर मी गो अराउंड म्हणणार, चालेल ना? चांगला कॅप्टन खूश होतो. ज्याला राग येतो, त्याच्याबद्दल तुला वीस मिनिटं आधीच कळलेलं बरं. तीन अंशांच्या वाटेवर मैलाला साधारण ३०० फूट, हा हिशेब कॉम्प्युटर दाखवत असला तरी तोंडी करत राहा. आकडा जुळेना झाला की मोड कुठे चुकलाय, ते लवकर कळतं.

परत वर जाण्याची लाज धरू नकोस. इंधन जाईल, उशीर होईल, कुणी तरी कारण विचारेल. कारण लिहून द्यायचं. कोळिकोडचा अहवाल पूर्ण मिळतो, त्यात शेवटच्या मिनिटांतलं कॉकपिटमधलं बोलणं आहे. लाइन ट्रेनिंगच्या पहिल्या फेरीआधी तो भाग वाच आणि रविवारी फोन कर, आपण त्यावर नीट बोलू. तुझ्या आईला मी समजावून ठेवलं आहे की ताईचं विमान कधी टेकता टेकता पुन्हा वर गेलं असं कळलं तर घाबरायचं नाही, ते त्या दोघांनी ठरवून केलेलं काम असतं.

तुझा,
मामा