जर्मनीला निघालात? मुलांची शाळा शेवटच्या परीक्षेवरून ठरवा

चाकण, हिंजवडी, नाशिक किंवा ठाणे इथल्या घराघरांत सध्या जर्मनीचा विषय निघतो. भारतीय कुशल मनुष्यबळासाठीची वार्षिक व्हिसा मर्यादा जर्मनीने २०२४ साली २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. ऑफर लेटर आलं, ब्लू कार्ड या वर्क परमिटचं काम मार्गी लागलं की आईवडिलांची झोप उडवणारा प्रश्न उरतो: मुलांना इंटरनॅशनल शाळेत घालायचं की तिथल्या सरकारी शाळेत?

बहुतेक घरांत याचा विचार फी आणि भाषा या दोन अंगांनी होतो. दोन्ही महत्त्वाची आहेत, पण निर्णय त्यांच्यापासून सुरू करू नका. पहिला प्रश्न असा विचारा: माझं मूल शाळेची शेवटची परीक्षा कुठे देणार? जर्मनीत, भारतात, की तिसऱ्याच देशात? या उत्तरावर बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

दोन वाटा, दोन हिशेब

जर्मनीतल्या सरकारी शाळांत शिकवणी फी नाही. इंटरनॅशनल शाळेची फी साधारणपणे वर्षाला पंधरा ते पंचवीस हजार युरो असते, प्रवेश शुल्क वेगळं. ब्लू कार्डसाठी २०२५ साली किमान वार्षिक पगाराची साधारण अट ४८,३०० युरो होती. म्हणजे दोन मुलं असतील, तर फीचा आकडा या किमान पगाराच्या जवळ जाऊ शकतो. शाळेच्या फीचा ३० टक्के भाग, वर्षाला ५,००० युरोंपर्यंत, करातून वजावटीसाठी दाखवता येतो, पण त्याने मोठं ओझं उतरत नाही. म्हणून कंपनी फी भरणार असेल, तर ती किती वर्षं आणि किती मुलांची, हे लेखी घ्या. ‘बघू नंतर’ या आश्वासनावर मुलाला महागड्या शाळेत घालू नका. कंपनीने हात आखडता घेतला, की आठवी-नववीतल्या मुलाला एकाएकी नव्या भाषेत ढकलण्याची वेळ येते.

शाळेविना घरी शिकवण्याचा पर्याय तिथे नाही, कारण मुलांनी शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे. सुट्टी सुरू होण्याआधी स्वस्त तिकिटासाठी मुलांना शाळेतून काढून नेणाऱ्या पालकांना दंड होऊ शकतो. २०१८ साली बव्हेरियातल्या मेमिंगन विमानतळावर पोलिसांनी अशा कुटुंबांची तपासणी केली, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती. गणपतीला गावी जायचं असेल, तर आधी शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक पाहावं लागेल.

दहाव्या वर्षाचं वळण

आपल्याकडे फाटा दहावीनंतर फुटतो. जर्मनीत तो चौथीनंतर फुटतो, फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. त्यानंतर गिम्नाझियुम, रेआलशूले, मिटेलशूले किंवा सर्वांना एकत्र शिकवणारी गेझाम्टशूले, अशा वाटा असतात. गिम्नाझियुमच्या शेवटी आबिटूर ही परीक्षा असते आणि तिच्यामुळे विद्यापीठाचं दार थेट उघडतं. बव्हेरियात नियम कडक आहे. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी गिम्नाझियुमसाठी २.३३ पर्यंत आणि रेआलशूलेसाठी २.६६ पर्यंत असावी लागते. बऱ्याच राज्यांत मात्र शाळा शिफारस करते आणि अंतिम निर्णय पालकांचा असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जर्मनीत १ ही सर्वांत चांगली श्रेणी आणि ६ ही सर्वांत वाईट. पहिल्या प्रगतिपुस्तकात ‘२’ दिसला म्हणून मुलाला रागावू नका, तो चांगला शेरा आहे.

आपलं मूल नऊ वर्षांचं असेल आणि तुम्ही म्युनिकला जाणार असाल, तर त्याच्याकडे भाषा शिकायला जेमतेम वर्ष असतं. अशा वेळी रेआलशूले मिळाली, तर आयुष्य संपलं असं समजू नका. तिथून फाखओबरशूलेमार्गे उच्च शिक्षणाकडे जाता येतं. शिवाय जर्मनीतलं आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीतलं काम आणि शाळा एकत्र चालणारं प्रशिक्षण, तिथे मानाचं मानलं जातं. आपल्याकडे आयटीआयकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने आउसबिल्डुंगकडे पाहू नका.

वयानुसार निर्णय

मूल सात-आठ वर्षांपेक्षा लहान असेल आणि मुक्काम तीन वर्षांपेक्षा जास्त होण्याची शक्यता असेल, तर सरकारी शाळा निवडा. मुलांची भाषा घडते ती अंगणात आणि वाढदिवसाच्या पार्टीत. नव्याने आलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. त्यांना बव्हेरियात डॉइचक्लासे, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये फोरबेराइटुंग्सक्लासे आणि बर्लिनमध्ये विलकॉमेनक्लासे म्हणतात. मात्र प्राथमिक शाळा बऱ्याचदा दुपारी लवकर सुटते, म्हणून दोघेही नोकरी करणार असाल, तर दुपारच्या सांभाळाची जागा आधी बघा. पहिलीच्या मुलांना ऑगस्ट २०२६ पासून दिवसभराच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळणार आहे आणि तो टप्प्याटप्प्याने पुढच्या इयत्तांना लागू होईल.

आठ ते बारा वर्षं हा अवघड टप्पा आहे. इथे मुक्कामाची लांबी महत्त्वाची. जर्मनीत स्थायिक व्हायचं नक्की असेल, तर सरकारी शाळा आणि निघण्याआधी सहा महिने जर्मन भाषा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे वर्ग भरतात, त्याचा उपयोग करा. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल आणि फी कंपनी भरत असेल, तर इंटरनॅशनल शाळा योग्य.

तेरा वर्षांच्या पुढे इंग्रजी माध्यमाची शाळा सहसा शहाणपणाची ठरते. या वयात भौतिकशास्त्र आणि इतिहास परकीय भाषेत शिकताना हुशार मुलंही गप्प बसू लागतात. बर्लिनला जाणारे असाल, तर जर्मन-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या नेल्सन मंडेला स्कूल आणि जॉन एफ. केनेडी स्कूल या सरकारी शाळांकडे अर्ज जरूर करा. जागा मात्र कमी असतात.

शेवटच्या परीक्षेचा हिशेब

जर्मनीतच पदवी घ्यायची असेल, तर आबिटूर फायद्याची. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी लागते, पण जर्मनीत आबिटूर झालेल्यांना ती लागत नाही. इंटरनॅशनल शाळेतल्या आयबी डिप्लोमाने जर्मन विद्यापीठात जाता येतं, पण विषयांच्या अटी पाळाव्या लागतात. गणित किंवा एखादा विज्ञान विषय हायर लेव्हलला घेणं ही त्यातली एक अट. विषय निवडण्याआधी शाळेच्या समुपदेशकाला हा प्रश्न स्पष्ट विचारा.

भारतात परतायचं असेल, तर तारखा सांभाळा. सीबीएसईमध्ये दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही, म्हणून नववीच्या आरंभी किंवा दहावी संपवून परता. परदेशी प्रमाणपत्राला भारतीय विद्यापीठांसाठी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षता घ्यावी लागू शकते. मेडिकलचं स्वप्न असेल, तर नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. आयबीत आणि आबिटूरमध्ये विषयनिवडीची मोकळीक असते, तिथे ही चौकडी सुटू देऊ नका. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी राज्यातूनच उत्तीर्ण असण्याची अट साधारणपणे असते, हेही आधीच लक्षात घ्या.

मुलांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, पहिले सहा महिने वर्गात काहीच कळत नाही असं वाटेल. त्याचा अर्थ तुम्ही कच्चे आहात असा नाही. गणिताचा पेपर तुमची लाज राखेल, फुटबॉलचं मैदान भाषा शिकवेल. घरी मराठी बोलत राहा, ती तुमच्या जर्मनच्या आड येत नाही.

मुक्कामाबद्दल खरं बोला

सर्वांत मोठी चूक शाळा निवडण्यात नसते, ती मुक्कामाच्या अंदाजात असते. ‘दोन वर्षांत परतू’ म्हणून गेलेली कुटुंबं बऱ्याचदा राहून जातात. ब्लू कार्डधारकाला बी-१ पातळीचं जर्मन येत असेल, तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, म्हणजे राहण्याचा मोह लवकर येतो. तेव्हा पतीपत्नींनी एका संध्याकाळी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा: किती वर्षं राहणार, शेवटची परीक्षा कुठे, फी कोण भरणार. तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील, तर शाळेचा फॉर्म भरू नका. जुळत असतील, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला बाजूला ठेवून आपला निर्णय निर्धास्तपणे घ्या.