मोलीवाल्या स्टीलचे अनुभव

१. रत्नागिरीच्या माणसाला गंज म्हटलं की खारा वारा आठवतो. समुद्र कुठे आणि चंदीगड कुठे! पण इथल्या इंडस्ट्रियल एरियात टाक्या तपासताना कळतं, गंज आणणाऱ्या क्लोराइडला समुद्र लागत नाही. डेराबस्सी-बद्दीच्या औषध कारखान्यांत ते टाकीच्या आतच असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिनसुद्धा हायड्रोक्लोराइडच.

२. स्टेनलेस स्टीलचे ३०४ आणि ३१६ हे ग्रेड डोळ्यांना सारखेच, चुंबकानेही फरक कळत नाही. फरक ३१६मधल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा, म्हणजे शॉपमधल्या भाषेत 'मोली'चा. मिस्त्री जागा घासून पिवळ्या द्रावणाचा थेंब टाकतो, ९ व्होल्टची बॅटरी टेकवतो. थेंब तांबूस झाला तर मोली आहे, पिवळाच राहिला तर ३०४. प्लेट बहुतेक वेळा बरोबर निघते. घोळ असतो एखाद्या नोझलमध्ये नाहीतर वेल्डिंगच्या तारेत. थेंब तिथेही टाकायला लावावा, कितीही तोंड वाकडं झालं तरी.

३. क्लोराइड अख्खा पत्रा खात बसत नाही. वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर जिथे फुटेल तिथे टाचणीएवढं भोक पाडतं. भोकातलं पाणी आम्लधर्मी होतं, आणखी क्लोराइड ओढतं, भोक खोल जातं. मोली हे विरघळणं मंदावतं, थर पुन्हा धरू देतं. म्हणून तुलनेच्या हिशेबात क्रोमियमच्या टक्क्यांत मोलीचे टक्के ३.३ पट आणि नायट्रोजनचे १६ पट करून मिळवतात. ३०४चा आकडा १९च्या आसपास, ३१६चा २४, डुप्लेक्स २२०५चा ३५. हॅस्टेलॉय सी-२७६ या मिश्रधातूमध्ये मोलीच १६ टक्के. त्याचा भाव ऐकून मालक आधी चहा मागवतात.

४. टाकीत पाणी भरून दाबाने तपासतात, त्या हायड्रोटेस्टच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या आत हवं. त्याहून महत्त्वाचं, टेस्ट झाली की टाकी त्याच दिवशी रिकामी करून पुसून काढावी. पाणी उडून जातं, क्लोराइड तळाशी साठत जातं.

५. मोलीवर भरवसा किती टाकावा यालाही हद्द आहे. १९८५ साली स्वित्झर्लंडमध्ये उस्टर इथे तरणतलावाचं काँक्रीटचं सिलिंग कोसळून १२ माणसं गेली. ते धरणारे स्टेनलेसचे हँगर क्लोराइडमुळे ताणाखाली तडकले होते. अशा बंदिस्त तलावाच्या छतासाठी कुणी ३१६चे हँगर लिहून पाठवले की मी ड्रॉइंग परत धाडतो. तिथे ६ टक्के मोलीचे ग्रेड लागतात.