आनेगोंदीची पायवाट : वारसा, गाव आणि ग्रामीण पर्यटनाचे अर्थकारण

ग्रामीण पर्यटनाचा विचार करताना निवासगृहे, रस्ते, वाहनतळ अशा भांडवली सुविधांचा उल्लेख प्रथम होतो. मात्र प्राचीन इतिहास लाभलेल्या ग्रामीण प्रदेशातून पायी फिरणे हा पर्यटनाचा सर्वांत कमी खर्चाचा, तरीही गावाला अधिक लाभ देऊ शकणारा प्रकार होय. त्यासाठी नवे बांधकाम फारसे लागत नाही; पायवाट, सावली, पाणी आणि वाट दाखविणारा माणूस एवढे पुरेसे असते. तथापि या पायवाटेची आणि तिच्या दुतर्फा असणाऱ्या शेताशिवाराची निगा राखणाऱ्याला मोबदला कोण देतो, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. कर्नाटकातील तुंगभद्रेच्या उत्तर तीरावरील आनेगोंदी (तालुका गंगावती, जिल्हा कोप्पळ) हे गाव या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण आहे.

प्रदेशाची ओळख

आनेगोंदीच्या समोर, नदीच्या दक्षिण तीरावर हंपी वसले आहे. इ. स. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगर साम्राज्याची ही राजधानी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झाली. हंपीतील स्मारकसमूहाचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर दिसणारा दगडी रथ येथील विठ्ठल मंदिराच्या प्रांगणातील आहे. पंढरीची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेण्यात आली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा असल्याने आनेगोंदीचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही.

या प्रदेशाचा इतिहास विजयनगरपासून सुरू होत नाही. आनेगोंदीजवळच्या ओणके किंडी येथे खडकावर प्रागैतिहासिक चित्रे आढळतात. हिरे बेणकल येथील टेकडीवर महापाषाणयुगीन दफनस्मारकांचा मोठा समूह आहे. उभ्या दगडी फळ्यांवर आडवी फळी टाकून उभारलेली ही घरासारखी स्मारके दोन हजार वर्षांहून अधिक जुनी असून २०२१ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले. कोप्पळ येथील गविमठ व पालकीगुंडू या दोन ठिकाणी सम्राट अशोकाचे लघुशिलालेख आहेत. रामायणातील किष्किंधा नगरी याच परिसरात होती, अशीही लोकश्रद्धा आहे.

तीन सोप्या वाटा

१. हंपी बाजार ते विठ्ठल मंदिर : विरूपाक्ष मंदिरासमोरील बाजारपेठेतून निघालेली ही वाट कोदंडराम मंदिरावरून, नदीच्या काठाने विठ्ठल मंदिराकडे जाते. अंतर सुमारे दोन किलोमीटर असून चढ फारसा नाही.

२. तळवारघट्टा ते आनेगोंदी व परिसर : नदी ओलांडल्यावर जुन्या वेशीतून गावात प्रवेश होतो. रंगनाथ मंदिर, गगन महाल आणि नदीकाठचे चिंतामणी मंदिर पाहून भाताची खाचरे व केळीच्या बागा यांमधून पुढे जाता येते. पंपा सरोवर व अंजनाद्री टेकडी ही पुढील ठिकाणे होत. टेकडीला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. चढ नको असणाऱ्यांनी पायथ्यापर्यंत जाणेही पुरेसे ठरते.

३. हिरे बेणकल : गावातून टेकडीवर चढणारी ही वाट खडकाळ आहे. येथे सावली नाही. त्यामुळे हिवाळ्यातील सकाळ हीच योग्य वेळ. खुणा अपुऱ्या असल्याने स्थानिक वाटाड्या सोबत असणे आवश्यक ठरते आणि रोजगाराची संधीही तेथेच निर्माण होते.

या वाटांचे सौंदर्य केवळ भग्न वास्तूंत नाही. विजयनगर काळात काढलेले काही कालवे आजही शेतीला पाणी पुरवतात. हिरवे शिवार, त्यामागचे दगडगोट्यांचे डोंगर आणि त्यांत विखुरलेली मंदिरे यांतून जे दृश्य साकारते, त्याचा मोठा भाग शेतकऱ्याच्या दैनंदिन श्रमातून निर्माण झालेला आहे.

लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याचा

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे भूदृश्य ‘सार्वजनिक वस्तू’च्या जवळचे आहे. ते पाहण्यापासून कोणाला वगळता येत नाही आणि गर्दी नसेल तोवर एकाने पाहिल्याने दुसऱ्याचा आनंद कमी होत नाही. स्मारकाच्या प्रवेशद्वारावर शुल्क आकारता येते. भाताच्या खाचराच्या बांधावर ते आकारता येत नाही. परिणामी शेतकरी पर्यटकाला जो लाभ देतो, तो ‘सकारात्मक बाह्यता’ म्हणून विनामूल्य राहतो.

याउलट संरक्षणाचा खर्च गावावर पडतो. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. घराला मजला चढवणे किंवा दुकान काढणे यांवर मर्यादा येतात. या गमावलेल्या संधीचे मूल्य म्हणजेच ‘संधी खर्च’ होय. वारसा संपूर्ण मानवजातीचा मानला जातो. पण संधी खर्च मात्र काही कुटुंबांच्या वाट्याला येतो.

तीन घटना, तीन धडे

पूल : आनेगोंदीच्या ग्रामस्थांना नदी ओलांडण्यासाठी हरिगोल, म्हणजे वेताची गोल नाव, किंवा दूरचा वळसा हेच पर्याय होते. पूल ही त्यांची रास्त गरज होती. परंतु वारसा क्षेत्रातील झुलत्या पुलांच्या बांधकामामुळे १९९९ मध्ये हंपीचा समावेश युनेस्कोच्या ‘धोक्यातील वारसा’ यादीत झाला; २००६ मध्ये ते त्या यादीतून वगळले गेले. पुढे २००९ मध्ये काम सुरू असताना आनेगोंदीचा पूल कोसळून कामगार मृत्युमुखी पडले. विकासाची गरज व वारशाचे संरक्षण यांचा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच एकत्रितपणे न झाल्यास दोन्हींची हानी होते, हा त्याचा धडा.

बाजार : विरूपाक्ष मंदिरासमोरील प्राचीन मंडपांत अनेक कुटुंबे राहत होती व पर्यटकांवर आधारित व्यवसाय करीत होती. २०११ मध्ये त्यांना तेथून हटविण्यात आले. स्मारकाचे संरक्षण आवश्यक होते. परंतु घर आणि उपजीविका एकाच जागी असणाऱ्या कुटुंबाचे पुनर्वसन केवळ भूखंड देऊन पूर्ण होत नाही, हे या घटनेने दाखविले.

नदीकाठची निवासगृहे : विरूपापूर गड्डी येथे परवानगीविना उभी राहिलेली निवासगृहे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२० मध्ये पाडण्यात आली. नियमन उशिरा झाले की गुंतवणूक आणि रोजगार दोन्ही एकाच वेळी बुडतात. सुरुवातीलाच ‘धारणक्षमता’ निश्चित करणे त्यामुळे श्रेयस्कर ठरते.

गावात राहणारा रुपया

पर्यटकाने किती खर्च केला यापेक्षा त्यातील किती रक्कम गावात फिरत राहिली, हे अधिक महत्त्वाचे असते. एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका पर्यटकाने गावात १,००० रुपये खर्च केले. मिळालेल्या प्रत्येक रुपयातील २० पैसे पुन्हा गावातच खर्च होत असतील, तर गुणक १ ÷ (१ − ०.२) = १.२५ आणि एकूण उत्पन्न १,२५० रुपये होते. हेच प्रमाण ६० पैसे असेल, तर गुणक १ ÷ (१ − ०.६) = २.५ आणि एकूण उत्पन्न २,५०० रुपये होते. उर्वरित रक्कम गावाबाहेर जाणे म्हणजे ‘गळती’. धान्य, भाजी, दूध, वाटाड्या व हस्तकला गावातीलच असतील, तर गळती कमी होते. आनेगोंदीत १९९७ पासून कार्यरत असलेल्या किष्किंधा ट्रस्टने केळीच्या धाग्यापासून वस्तू बनविण्याचे काम स्थानिक महिलांना उपलब्ध करून दिले. बागेत टाकाऊ ठरणारे केळीचे खोड येथे उत्पन्नाचे साधन बनते.

मोटारीने येणारा पर्यटक दोन तासांत निघून जातो. पायी फिरणारा जेवतो, विसावतो आणि अनेकदा मुक्काम करतो. पदभ्रमणाचे आर्थिक महत्त्व यातच आहे.

धोरण व घटनात्मक चौकट

• दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००२-०७) केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ग्रामीण पर्यटन योजना सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने ३६ ठिकाणी क्षमतावृद्धीचे काम झाले.
• स्मारकांचा विषय तिन्ही सूच्यांत विभागलेला आहे : राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे संघ सूचीत (नोंद ६७), अन्य प्राचीन स्मारके राज्य सूचीत (नोंद १२), तर अन्य पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०).
• अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे संरक्षण हे राज्यसंस्थेचे दायित्व आहे; अनुच्छेद ५१अ (फ) नुसार संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे.
• ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत पर्यटनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र रस्ते, सांस्कृतिक कार्यक्रम, कुटिरोद्योग व सामुदायिक मालमत्तेची निगा हे विषय त्यात आहेत. त्यांच्या आधारे पायवाटेची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे सोपविता येते.
• कर्नाटकाने २००२ मध्ये कायदा करून हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली.

पुढील दिशा

पायवाटेची निगा राखण्यासाठी स्मारकांच्या प्रवेशशुल्कातील निश्चित वाटा संबंधित ग्रामपंचायतींना देणे, स्थानिक युवकांना वाटाड्यांचे प्रशिक्षण व ओळखपत्र देणे, पारंपरिक पद्धतीच्या घरदुरुस्तीसाठी सुलभ परवानगी व अर्थसाहाय्य पुरविणे आणि दैनंदिन पर्यटकसंख्येची मर्यादा ग्रामसभेच्या सहभागाने ठरविणे, हे उपाय विचारात घेण्याजोगे आहेत. वारसा सांभाळणाऱ्या गावाला त्यातून उपजीविका मिळाली, तरच संरक्षण हे गावाला लादलेले बंधन न वाटता स्वतःचे हित वाटेल. स्मारके दगडाची असल्याने काही शतके टिकली. त्यांच्याभोवतीचे शिवार टिकणे मात्र दरवर्षी पेरणी करणाऱ्या हातांवर अवलंबून आहे.

सरावासाठी प्रश्न

१. सकारात्मक बाह्यता व संधी खर्च या संकल्पना वारसा क्षेत्रातील गावाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. ‘पर्यटकसंख्या वाढणे म्हणजे ग्रामीण विकास नव्हे.’ गळती व गुणक यांच्या आधारे चर्चा करा.
३. वारसा संरक्षण आणि स्थानिक उपजीविका यांचा समन्वय साधण्यात पंचायतराज संस्थांची भूमिका सोदाहरण विशद करा.